पोर्तुगालच्या राण्या आणि मधली खोली

१

१८ मार्च २०२४, सोमवार. सकाळी आभाळ भरून आलं, चार थेंब पडले आणि थांबले. दुपारी वारा पूर्ण बंद, अंगाला चिकटणारा उकाडा.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात शिवहारच्या घरी हळदीचा हंगाम चालू होता. शिवहार आणि त्याची आई कौशल्याबाई सकाळीच शेतात गेलेले. तिकडे हळद शिजवायचं कुकर लागलं होतं, आणि आभाळाचा भरवसा नाही म्हणून वाळत घातलेल्या हळदीवर ताडपत्री ओढायची घाई होती. घरी शिवहारची बायको रागिणी होती, आणि प्रतिक्षा मधल्या खोलीत असायची ती वेळ.

प्रतिक्षा ही शिवहारच्या पहिल्या बायकोची मुलगी, सातवीत. सकाळची शाळा सुटली की ती पुढच्या दारानं कधी घरात येत नसे. परसातून येई, तिथंच हातपाय धुई, मागच्या दारानं मधल्या खोलीत शिरे. ओसरीकडचं दार आतून लावलेलंच असे. रागिणीला या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या दिवसांत पोरीनं तिला कशाच नावानं हाक मारली नव्हती. आई नाही, काकू नाही, मावशी नाही. जेवताना काही लागलं तर म्हणे, "आजी, त्यांना म्हणावं मीठ द्या." मीठ रागिणीच्या हाताशी असे आणि आजी चुलीपाशी.

रागिणी हिंगोलीची. इतिहासात एम. ए. केलेली, लग्नाआधी एका महाविद्यालयात तासावर शिकवायची. शाळकरी मुलांसाठी 'जगातल्या राण्या' अशी एक पुस्तकमाला निघणार होती. इजिप्त, चीन, इंग्लंड ही ठिकाणं आधी आलेल्यांनी उचलली होती. पोर्तुगाल उरलं होतं, ते तिच्या वाट्याला आलं. लिहिण्याआधी सगळं मोठ्यानं बोलून बघायची तिची सवय. कानाला पटलं तरच ती कागदावर घेई.

त्या दुपारी ती ओसरीत मधल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून गहू निवडायला बसली होती. सूप हलत होतं आणि तोंडानं राणी इसाबेलची दंतकथा चालू होती. आवाज जरा चढवलेलाच होता, दारापलीकडं जावा म्हणून.

"कडाक्याची थंडी. राणी पदरात भाकरी लपवून गोरगरिबांना वाटायला निघाली. राजानं वाटेत अडवलं. म्हणाला, पदरात काय आहे? राणी म्हणाली, गुलाबाची फुलं. राजा हसला. या थंडीत गुलाब? दाखव बरं. राणीनं पदर सोडला."

ती थांबली. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

"हं," दारापलीकडून आवाज आला.

रागिणीचा हात सुपातच राहिला. लहानपणी तिचे वडील गोष्ट सांगत, तेव्हा ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असा नियम होता. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला पुढं सांग म्हणत होतं.

"पदरातून गुलाब पडले," ती हळू आवाजात म्हणाली. "लालभडक."

"हं."

२

रात्री जेवताना ती खुशीत होती. तिनं प्रतिक्षाला भाकरी वाढताना एकदाच पाहिलं, जास्त नाही. पोरगी मान खाली घालून जेवत होती. चेहऱ्यावर काहीच नाही. लाजत असेल, रागिणीनं मनाशी धरलं. दुपारचं दुपारीच राहू द्यावं.

"पोर्तुगाल म्हंजे गोव्याच्या पलीकडं का?" शिवहारनं विचारलं.

"लई पलीकडं."

"मंग तिथल्या राण्यांनी आपलं काय बिघडवलं, की तुमी रोज त्यांच्या मागं लागल्या?"

"राण्यांनी काही बिघडवलं न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्यांच्या नादी लागून माझे गहू तेवढे खड्याचे राह्यले."

शिवहार हसला. प्रतिक्षा हसली नाही, पण तिनं भाकरी अजून चतकोर मागितली. आजीकडं.

झोपताना रागिणीचा हात सवयीनं गळ्याकडे गेला आणि रिकामा परत आला.

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. शिवहारची पहिली बायको संगिता काविळीनं गेली होती. सवाशीण गेली, हिरव्या चुड्यानिशी, भरल्या हातानं, असं कौशल्याबाई सांगत. लग्नाच्या दिवशी त्यांनीच लाल दोऱ्यात ओवलेला टाक रागिणीच्या गळ्यात घातला होता. तेव्हापासून नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, गोडधोड झालं की आधी टाकाला दाखवायचं. रागिणीचा यावर विश्वास नव्हता, पण तिनं ते कधी चुकवलं नव्हतं. ज्या बाईच्या घरात आपण राहतो, तिला विचारून खावं, यात तिला वावगं वाटलं नाही.

रविवारी मात्र गळ्यावर घामोळ्या उठल्या होत्या आणि दोरा काचत होता. मधल्या खोलीत आरशाचं लोखंडी कपाट होतं, संगिताच्या माहेरहून आलेलं. त्याच्याशेजारी खुंटी. कपडे बदलताना रागिणीनं टाक काढून खुंटीला अडकवला. घामोळ्या गेल्या की घालू, म्हणून पदर गळ्याभोवती नीट घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

३

पुढचे सगळे दिवस तसेच गेले. दुपार झाली की रागिणी सूप किंवा शेवयांची परात घेऊन दाराशी बसे. आत हालचाल झाल्यासारखी वाटली की सुरुवात करी.

तिनं सांगितलं की तिथल्या राणीला लग्नात स्वतःची गावं मिळत. तिथला वसूल तिचा, तिथली माणसं तिच्याकडे दाद मागायला येत. नवरा राजा असला तरी त्या गावांत शब्द तिचा. यावर हुंकार लगेच आला, जरा ठसक्यात. तिनं सांगितलं की इसाबेलचा नवरा आणि मुलगा एकमेकांवर फौजा घेऊन उभे राहिले, तेव्हा राणी खेचरावर बसून दोन्ही फौजांच्या मधून गेली. दोघांनाही आधी तिच्या अंगावरून जावं लागलं असतं. कुणीच गेलं नाही.

आणि तिनं सांगितलं की राजाला इतर बायकांपासून झालेली लेकरं इसाबेलनं आपल्या लेकरांबरोबर वाढवली.

या वेळी हुंकार यायला उशीर लागला. आला तो लांब होता, शेवटी थोडा नाकात गेलेला. बाई विचारात पडल्यावर देते तसा. बारा वर्षांच्या पोरीला असा हुंकार कुठून जमला, हे रागिणीच्या मनात आलं आणि गेलं.

तिनं दाराच्या फटीशी वाटीत गूळ-शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी वाटी जशीच्या तशी असे. मुंग्यासुद्धा लागलेल्या नसत. गोरेगावात मार्च महिन्यात उघड्या गुळाला मुंगी लागू नये, हे नवल तिनं पाहिलं आणि वाटी धुऊन ठेवली.

गुरुवारी सकाळी भूकंपाचा धक्का बसला. मांडणीवरची ताटं वाजली, लोक रस्त्यावर आले, थोड्या वेळानं चहा प्यायला परत घरात गेले. या भागात जमिनीतून आवाज येणं नवं नाही.

होळीनंतर सेनगावहून जीपनं द्वारकाबाई आल्या. संगिताची आई. रागिणी त्यांना मावशी म्हणे. त्या वाईट नव्हत्या. आल्या की रागिणीच्या हातात काहीतरी ठेवायच्या. या वेळी आंब्याच्या दोन कैऱ्या ठेवल्या आणि कौशल्याबाईंना म्हणाल्या, "परीक्षा झाली की पोरीला मी घेऊन जाते. आठवी तिथंच करंल."

"काहून? इथं काय कमी हाय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"कमी काही न्हाई. पर लेकरू बोलंना झालंय. माझ्या दारात आली की चिमणीवानी बोलती. इथं तिचं तोंड शिवल्यावानी." त्या रागिणीकडे वळल्या. "बाई, तुझ्यावर रोष न्हाई माझा. तू चांगली हायेस. पर चांगली असून काय करशील?"

रागिणी हातातल्या कैऱ्या पदरानं पुसत राहिली.

"पाडव्याला येते," द्वारकाबाई म्हणाल्या. "लेकरालाच इचारू. ती म्हणंल ते."

शिवहारनं मान हलवली. मुलगी गेली तर आपल्याला काय होईल हे त्यानं कुणाला दाखवलं नाही. पण त्या दिवशी तो शेतावरून येताना प्रतिक्षासाठी टरबूज घेऊन आला आणि ते कापायचंच विसरला.

रागिणीनं मनाशी हिशेब केला. पाडव्यापर्यंत गोष्टी पुरायला हव्यात. दाराआडून का होईना, पोरगी बोलतेय.

४

त्यानंतरच्या दुपारी रागिणी कोन्स्तान्साच्या गोष्टीची तयारी करत होती. नवं पात्र कसं आणावं ते घोळवत होती.

"परक्या मुलखातून एक मुलगी लग्न करून पोर्तुगालात आली. नाव कोन्स्तान्सा. सोबत तिची एक सखी होती, इनेस."

"हं."

"राजपुत्राचं मन सखीवर बसलं."

"हं."

तेवढ्यात पुढच्या फाटकाची कडी वाजली आणि प्रतिक्षा आत आली. खांद्यावर दप्तर, हातात चपला. ओसरीच्या पायरीवर उभी राहून तिनं रागिणीकडे पाहिलं.

"कोणासंगं बोलून राहिल्या?"

हे पोरीनं रागिणीशी थेट बोललेले पहिले शब्द. रागिणीला ते नंतर कळलं. त्या क्षणी ती दाराकडे पाहत होती.

"तू आत नव्हतीस?"

"मी पुनमकडं असते. परीक्षेचा अभ्यास करतो आमी. हळद लागली तवापासून. आजीला सांगितलं की."

"आजीला."

"व्हय."

प्रतिक्षानं दार ढकललं. ते हललं नाही. "आतून कडी हाय. सकाळी मीच लावली असंल," ती म्हणाली. घराला वळसा घालून ती परसात गेली. मागच्या दाराचा आवाज आला, मग पावलांचा. कडी निघाली आणि पोरगी उंबऱ्यात उभी राहिली.

रागिणी आत गेली. खाट, कपाट, झाकण घातलेलं शिलाई मशीन. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी जमिनीवर पडली होती. खुंटीवर टाक होता. आणि दाराशी, आतल्या अंगाला, जेवायला बसायचा पाट मांडलेला होता. भिंतीला टेकवून नाही, मांडलेला. त्याच्यावर बसलं तर कान बरोबर दाराच्या फटीशी येईल असा.

"हा पाट इथं कुणी ठेवला?"

"म्हाईत न्हाई," प्रतिक्षा वेणीचं रबर काढत म्हणाली. "रोजच असतो."

५

रागिणीनं त्या रात्री स्वतःला नीट समजावलं. उन्हानं पत्रा तापतो, कुरकुरतो. परसात पारवे बसतात, त्यांचं घुमणं हुंकारासारखंच असतं. भूकंप झाल्यापासून सगळ्यांच्याच कानांचा भरवसा राहिलेला नाही. शिवाय एकटं माणूस मोठ्यानं बोलायला लागलं की त्याला उत्तरही ऐकू येतं. पाट कौशल्याबाईंनी ठेवला असेल, गुडघ्यामुळे त्या कुठंही बसतात.

या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा शाळेतून पुनमकडे गेली, हे तिनं स्वतः रस्त्यावर जाऊन पाहिलं. मागच्या दाराला आतून कडी घातली. पाट उचलून भिंतीला टेकवला. मधल्या खोलीतून ओसरीत आली, दार ओढून घेतलं आणि नेहमीच्या जागी बसली. या वेळी सूप घेतलं नाही. हात मांडीवर ठेवले.

न सांगताही आलं असतं. पण अर्धी गोष्ट टाकून उठणं तिला बरोबर वाटेना.

"कोन्स्तान्सा भोळी नव्हती," ती म्हणाली. "तिला सगळं दिसत होतं. तिनं एक युक्ती केली. आपल्या पहिल्या बाळाची धर्ममाता तिनं इनेसलाच केलं. त्या धर्मात असं नातं जडलं की बाळाच्या बापाशी लग्न करणं पाप. तिनं सवतीला लेकरानं बांधलं."

पारवा घुमला नाही. पत्रा कुरकुरला नाही.

"हं," दाराआडून आलं.

रागिणीच्या पाठीवर घाम आला होता, पण ती उठली नाही. त्या आवाजात वाईट काही नव्हतं. दुपारची कामं उरकून शेजारीण येऊन बसावी तसा होता.

"ते बाळ जगलं नाही. पुढं आणखी झाली. एक मुलगी, एक मुलगा. मग कोन्स्तान्सा गेली. बाळंतपणात गेली असं म्हणतात. तरुणच होती."

ती थांबली. हुंकार आला नाही. रस्त्यावरून एक जीप गेली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत ती बसून राहिली.

"लेकराचं?"

एकच शब्द. हळू, दाराच्या अगदी जवळून.

रागिणीनं डोळे मिटले. "लेकरं आजीनं वाढवली म्हणतात," ती म्हणाली. "राजपुत्राच्या आईनं. पुस्तकात तेवढंच आहे."

ती दाराच्या फटीकडे वळली.

"मला त्याच्यापुढचं माहीत नाही, बाई." तिला स्वतःचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. "मी तिथं असते तर पाठवलं नसतं. पण मला कोण विचारणार?"

मग आतून लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला. भिंतीला टेकवलेला पाट कुणीतरी ओढून दाराजवळ आणला होता.

६

"तुझा टाक कुठं हाय?"

कौशल्याबाई अंघोळ करत होत्या आणि रागिणी वाकून त्यांच्या बादलीत कढत पाणी ओतत होती. पदर खांद्यावरून घसरला होता.

"खुंटीला आहे, आत्याबाई. मधल्या खोलीत. घामोळ्या उठल्या म्हणून काढला."

"कवा?"

"हळद लागली तेव्हा."

कौशल्याबाईंनी तांब्या खाली ठेवला. ओरडतील असं रागिणीला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मधल्या खोलीच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज उतरवला. "तरीच."

"तरीच काय?"

"परवा दुपारी शेतातून पाणी प्यायला आल्ते मी. फाटकातूनच परत गेले. ओसरीत तू बोलून राहिली व्हतीस, आन आतून ती."

"कोण ती?"

"बारा वर्सं माझ्या हाताखाली नांदली, रागिणी. मला वळखू येणार न्हाई व्हय?" त्यांनी ओल्या हातानं डोळे पुसले. "लई ग्वाड हुंकार द्यायची. मी काही बी सांगावं, शेतातलं, भावकीतलं, हिचं आपलं हं, हं. कोणी ऐकून घेणारं असलं की बरं वाटतं बग." मग त्यांनी तांब्या उचलला. "पाडव्याला न्हाऊन आधी गळ्यात घाल त्यो. आन दाराशी बसणं बंद कर. मेल्या माणसाला घरात बसायची सवय लागू ने."

"टाक तिथून काढू नका."

दोघींनी वळून पाहिलं. प्रतिक्षा न्हाणीच्या आडोशाला उभी होती, दप्तर पाठीवर. ती आजीकडे पाहत नव्हती.

"तुमी काढू नका," ती रागिणीला म्हणाली आणि शाळेला गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी प्रतिक्षा पुनमकडे गेली नाही. दुपारी रागिणी दाराशी येऊन उभी राहिली, बसावं की नाही ठरेना. पोरगीच ओसरीत आली आणि पायरीवर बसली.

"राहिली ती गोष्ट सांगा."

रागिणी बसली. सांगितलं. राजानं, म्हणजे राजपुत्राच्या बापानं, इनेसला मारून टाकलं. पुढं राजपुत्र गादीवर बसला तेव्हा तो म्हणाला, इनेस माझी लग्नाची बायको होती, ती राणी आहे. लोक सांगतात की त्यानं तिला थडग्यातून काढून सिंहासनावर बसवलं, डोक्यावर मुकुट ठेवला. सगळे सरदार ओळीनं आले आणि त्यांनी तिच्या हाताचं चुंबन घेतलं.

"मेलेल्या बाईच्या हाताचं?"

"हो."

"खरं हाय?"

"इतिहासकार खरं मानत नाहीत."

प्रतिक्षानं थोडा विचार केला. "तिचा हात गार असंल."

"असेल. कुणी लिहून नाही ठेवलं."

"हं," प्रतिक्षा म्हणाली.

आणि तिच्यामागोमाग, बंद दाराआडून, तसाच दुसरा. पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. ती पायरीवरच्या मातीत बोटानं रेघा मारत राहिली.

७

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा. आभाळ मोकळं, सकाळपासून झळा.

गुढी उभी राहिली. कडुनिंबाचा पाला वाटला. रागिणीनं न्हाऊन नवं लुगडं नेसलं, ते आधी मधल्या खोलीत नेऊन खुंटीवरच्या टाकाला लावलं, पण टाक काढला नाही. हातात तिनं लाल बांगड्या भरल्या होत्या. कौशल्याबाईंनी तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि पुरणाचं भांडं चुलीवरून उतरवलं.

जेवायच्या आधी द्वारकाबाई आल्या. सोबत रिकामी पिशवी होती, पोरीचे कपडे न्यायला. ओसरीत सगळे बसले. शिवहार उभाच राहिला.

"बोल, माय," द्वारकाबाई म्हणाल्या. "कोणाला भिऊ नको. येती का माझ्यासंगं?"

प्रतिक्षाचे केस मोकळे होते. आई गेल्यापासून ती स्वतःच वेणी घालायची, वाकडी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"आधी वेणी घालते," ती म्हणाली. उठली, मधल्या खोलीच्या दाराशी थांबली आणि रागिणीकडे पाहिलं. "तुमी या."

आत कपाटाच्या आरशासमोर पोरगी पाटावर बसली. तिनं फणी मागं केली. रागिणी गुडघ्यांवर बसून केस विंचरू लागली. केस दाट होते, गुंता फार होता. तिनं तीन पेड काढले, साधी वेणी घालायला. तिला तेवढीच येत होती.

दोन वळणं झाली आणि पेड चार झाले.

तिला ते लगेच कळलं नाही. हात चालत होते, पेड वरून, खालून, मधून जात होते, घट्ट आणि सफाईनं. केसांचं काम आपसूक होत असल्यासारखं. मग तिनं आरशात पाहिलं. पोरीच्या पाठीशी ती स्वतः बसलेली दिसत होती. लाल बांगड्यांचे तिचे दोन हात वेणीत होते. आणि त्यांच्यामधून, तिच्याच काखेखालून पुढं आल्यासारखे, आणखी दोन. मनगटभर हिरवा चुडा.

प्रतिक्षा आरशात पाहत होती. तिची नजर रागिणीच्या चेहऱ्यावर नव्हती. थोडी बाजूला होती, रागिणीच्या खांद्याशी, आणि तिथं ती हसत होती.

रागिणीनं मागं पाहिलं नाही. हात काढून घेतले असते तर केस ओढले गेले असते आणि पोरगी दुखून ओरडली असती. तिनं आपली नजर वेणीवर आणली आणि पुढचा पेड घेतला. एक बोट तिच्या बोटाला लागलं, पेड तिच्या हातात दिला, पुन्हा मागं गेलं.

हात गार नव्हता.

"ती अशीच घालायची," प्रतिक्षा म्हणाली.

"हं," रागिणी म्हणाली.

दोघी ओसरीत आल्या. पोरगी आपल्या बापाजवळ जाऊन उभी राहिली. "मी इथंच राहते," तिनं द्वारकाबाईंना सांगितलं. "सुट्टीत येईन तुझ्याकडं. आठ दिवस."

द्वारकाबाईंनी तिला जवळ ओढलं आणि वेणीवरून हात फिरवला. हात मध्येच थांबला. त्यांनी वेणी उचलून उजेडात धरली.

"ही कोणी घातली?"

"मी," रागिणी म्हणाली.

"चार पेडांची ही वेणी माझ्या संगिताला मी शिकवली व्हती. ह्या घरात दुसरं कोणाला येत न्हाई." त्या रागिणीच्या हातांकडे पाहत राहिल्या, मग उघड्या दारातून मधल्या खोलीकडे. द्वारकाबाईंनी रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली. "जेवायला वाढा," त्या म्हणाल्या.

पाच ताटं वाढली. रागिणीनं सहावं वाढून मधल्या खोलीत नेलं.

द्वारकाबाई संध्याकाळच्या जीपनं एकट्या सेनगावला गेल्या. जूनमध्ये प्रतिक्षाचं नाव गोरेगावच्या शाळेत आठवीत लागलं. पोर्तुगालच्या राण्यांचं पुस्तक दिवाळीला छापून आलं, त्यात कोन्स्तान्साचं प्रकरण सगळ्यांत मोठं आहे. टाक खुंटीवर आहे. प्रतिक्षा आता रागिणीला आई म्हणते. ती शाळेतून आली आणि फाटकातून हाक मारली, की घरातून दोन ठिकाणांहून ओ येते.